करखात्याच्या दारातून आलेली मदत

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला 'ट्रिलियम बेनिफिट' नावाची रक्कम मिळते. ती साधारणपणे महिन्याच्या दहा तारखेला बँकेत जमा होते. हे पैसे प्रांत सरकारचे, पण ते पाठवते केंद्राचे करखाते, म्हणजे कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी. अनेकदा ते अशा माणसाला मिळतात ज्याने त्या वर्षी आयकर म्हणून एक सेंटही भरलेला नसतो. कर घेणाऱ्यानेच कर न भरणाऱ्याला पैसे द्यावेत, ही व्यवस्था भारतीय प्रशासनात वाढलेल्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटते. मलाही वाटली, आणि म्हणूनच ती कशी घडत गेली याचा मागोवा घ्यावासा वाटला.

(आपल्याकडे 'प्रांत' म्हटले की महसूल खात्यातले प्रांतसाहेब डोळ्यांसमोर येतात. या लेखात प्रांत म्हणजे कॅनडाच्या संघराज्याचा घटक, आपल्या राज्यासारखा.)

आधी एका शब्दाचा उलगडा करायला हवा. आपण 'वजावट' म्हणतो ती उत्पन्नातून होते. समजा, मुलामागे एक हजाराची वजावट दिली. ज्याला पन्नास टक्के दराने कर पडतो त्याचे पाचशे वाचतात, ज्याला वीस टक्क्यांनी पडतो त्याचे दोनशे, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याचे काहीच वाचत नाही. मूल मात्र तिघांनाही असते. 'टॅक्स क्रेडिट' ही सूट उत्पन्नातून नव्हे तर थेट करातून मिळते, त्यामुळे ती दोघा करदात्यांना सारखीच पडते. त्यापुढची पायरी म्हणजे परताव्याचे क्रेडिट. देय कर शून्य असला तरी क्रेडिटची रक्कम रोख हातात येते. नाव कराचे, पण काम अनुदानाचे. कॅनडाच्या प्रांतांच्या बहुतेक कुटुंबसाहाय्य योजना या तिसऱ्या प्रकारच्या आहेत.

१८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याने केंद्राला कोणताही कर बसवण्याची मुभा दिली आणि प्रांतांना फक्त प्रत्यक्ष करांची. गरिबांचा सांभाळ हे काम मात्र प्रांतांकडे आणि त्यांच्याखालच्या नगरपालिकांकडे राहिले. ब्रिटिश कोलंबियाने १८७६ मध्येच आयकर बसवला. केंद्राचा आयकर आला तो पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी, १९१७ मध्ये. पुढच्याच वर्षी त्यात मुलांसाठी सूट आली, पण ती वजावटीच्या जातीची, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच देणारी.

१९३० नंतरच्या मंदीत या वाटणीचे वाभाडे निघाले. बेकारांना मदत द्यायची नगरपालिकांनी आणि त्यांचीच तिजोरी रिकामी. मदत बऱ्याचदा वस्तूंच्या चिठ्ठ्यांच्या रूपाने मिळे, आणि ती मागणारा आपल्याच गावचा रहिवासी आहे की नाही याची कसून चौकशी होई. १९३७ मध्ये नेमलेल्या रोवेल-सिरॉय आयोगाने १९४० मध्ये अहवाल दिला. त्याने सुचवले की आयकर केंद्राने घ्यावा, बेकारांचा भार केंद्रानेच उचलावा आणि दुर्बल प्रांतांना समायोजन अनुदान द्यावे. जानेवारी १९४१ मधील परिषदेत ऑन्टारियो, आल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्या विरोधामुळे हा प्रस्ताव बारगळला. मात्र जे अहवालाला साधले नाही ते युद्धाने साधले. त्याच वर्षी प्रांतांनी युद्धकाळापुरता आपला आयकराचा अधिकार केंद्राला एका अर्थी भाड्याने दिला. पुढच्या करारांना 'टॅक्स रेंटल' असेच नाव पडले.

भारतीय वाचकाला येथे १९३५ चा कायदा आठवेल. आयकर केंद्राने गोळा करावा आणि प्रांतांना वाटा द्यावा, ही रचना त्याच दशकात आपल्याकडे आली. १९३६ च्या निमायर निवाड्यात प्रांतांच्या वाट्यापैकी वीस टक्के मुंबईला आणि तितकेच बंगालला ठरले. स्वातंत्र्यानंतर शेतीचे उत्पन्न वगळता बाकी आयकर संघसूचीत कायमचा गेला. कॅनडाच्या प्रांतांनी अधिकार भाड्याने दिला होता, आणि भाड्याने दिलेली वस्तू परत मागता येते. दोन्ही देशांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या असे मला वाटते.

ती परत मागण्याची सुरुवात क्वेबेकने केली. तेथील मुख्यमंत्री मॉरिस द्युप्लेसी यांनी १९५४ मध्ये प्रांताचा स्वतंत्र आयकर बसवला. क्वेबेकचा नागरिक आजही दोन विवरणपत्रे भरतो, एक ओटावाचे आणि एक प्रांताचे. उरलेल्या प्रांतांनी १९६२ च्या करसंकलन करारांनी मधला मार्ग स्वीकारला. दर प्रांताने ठरवायचा, विवरणपत्र एकच, वसुली केंद्राने करायची आणि प्रांताचा पैसा प्रांताला द्यायचा. प्रांताचा कर केंद्राच्या कराच्या टक्क्यांत मोजला जाई, म्हणजे कोणते उत्पन्न करपात्र आणि कोणती वजावट ग्राह्य हे केंद्र ठरवी. प्रांताला स्वतःचे सामाजिक धोरण राबवायचे तर एकच जागा मोकळी होती: सगळा हिशेब झाल्यावर, शेवटच्या ओळीत. प्रांतीय क्रेडिटे जन्मली ती या शेवटच्या ओळीत. त्यामागे उदात्त विचारापेक्षा करारातल्या सांदीचा वाटा अधिक होता, आणि प्रशासनाच्या इतिहासात हे अपवादात्मक नाही.

मधल्या काळात केंद्राने एक वेगळी वाट चोखाळली होती. १९४४ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वयानुसार महिना पाच ते आठ डॉलरचा भत्ता जुलै १९४५ पासून सुरू झाला, श्रीमंत-गरीब भेद न करता. धनादेश आईच्या नावे निघत. क्वेबेकमध्ये मात्र, तेथील दिवाणी संहितेत विवाहित स्त्रीचे स्थान गौण असल्यामुळे, तो वडिलांच्या नावे काढण्याचे घाटत होते. थेरेज कास्ग्रँ यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या सरकारला निर्णय बदलावा लागला. पैसा घरात कोणाच्या हाती पडतो हा प्रश्न दुय्यम नसतो, हे आपल्याकडच्या योजनाकारांना पटायला बराच काळ लागला.

प्रांतांच्या बाजूने १९७२ हे वर्ष निर्णायक. बिल डेव्हिस यांच्या काळात ऑन्टारियोने मालमत्ता कराचे परतावा-क्रेडिट आणले. मालमत्ता कर घराच्या किमतीवर पडतो, घरातल्या मिळकतीवर नाही. निवृत्त वृद्धेचे घर तेच राहते, कर वाढतो, उत्पन्न मात्र वाढत नाही. हा कर नगरपालिकांचा, तो उठवता येत नव्हता. म्हणून प्रांताने तो आयकराच्या विवरणात, उत्पन्न पाहून, अंशतः परत करायला सुरुवात केली. यात मला सर्वांत सुज्ञपणाची वाटणारी तरतूद भाडेकरूंची. भाडेकरू मालमत्ता कर भरत नाही असे कागद म्हणतो, पण घरमालक तो भाड्यातूनच वसूल करतो. म्हणून भाड्याच्या वीस टक्के रकमेला मालमत्ता कर मानले जाते. पुढे विक्रीकराचे क्रेडिट आले आणि इतर प्रांतांनीही कित्ता गिरवला. अशा खास क्रेडिटांचा हिशेब ठेवण्यासाठी केंद्र प्रांतांकडून शुल्क घेई, पण स्वतःचे खाते उभारण्यापेक्षा ते स्वस्तच पडे.

मॅनिटोबाने याच दशकात आणखी धाडसी पाऊल टाकले. १९७४ ते १९७९ च्या 'मिनकम' प्रयोगात डॉफिन या छोट्या गावातील कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी दिली गेली. सरकार बदलले, पैसा आटला, आणि कागदपत्रे खोक्यांत बंद झाली. एव्हलिन फोर्जे या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी ती पुढे शोधून काढली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: त्या काळात डॉफिनच्या लोकांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण तुलनेने साडेआठ टक्क्यांनी घटले होते.

१९७८ मध्ये केंद्राने स्वतःच प्रांतांची युक्ती उचलली. सार्वत्रिक भत्ता कमी करून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मुलामागे वर्षाला दोनशे डॉलरचे परतावा-क्रेडिट आणले. ते आईला मिळे, पण त्यासाठी विवरणपत्र भरणे भाग होते. ज्या गृहिणींनी आयुष्यात करखात्याचे तोंड पाहिले नव्हते त्या आता अर्ज भरू लागल्या. आणि जेथे अर्ज तेथे दलाल. परतावा यायला आठवडे लागतात, पोराला बूट आज हवेत; 'आजच रोख घ्या, परतावा आमचा' अशी दुकाने थाटली गेली. त्यांना आवर घालण्यासाठी १९७८ मध्येच परतावा-सवलतीच्या व्यवहारांवर स्वतंत्र कायदा करावा लागला. आजचा नियम असा की पहिल्या तीनशे डॉलरवर किमान पंच्याऐंशी टक्के आणि त्यापुढील रकमेवर पंचाण्णव टक्के ग्राहकाला द्यावेच लागतात. तहसील कचेरीबाहेरची टपरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

नव्वदीच्या दशकाचा तपशील थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये जुना सार्वत्रिक भत्ता संपला. १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने मुलामागे महिना १०३ डॉलरपर्यंतचा 'फॅमिली बोनस' सुरू केला. पालक नोकरी करोत वा सरकारी साहाय्यावर असोत, मुलाचा भाग सारखाच. हेतू असा की नोकरी धरली म्हणून मुलाचे नुकसान होऊ नये. १९९८ च्या राष्ट्रीय बालसाहाय्य करारात हाच विचार देशभर गेला, पण एका पाचरीसह. केंद्राने वाढवलेली रक्कम प्रांत आपल्या साहाय्यातून कापून घेऊ शकत होते, वाचलेला पैसा मुलांच्या अन्य योजनांवर खर्च करण्याच्या अटीवर. बहुतेकांनी कापून घेतली. न्यूफाउंडलंड आणि न्यू ब्रन्सविक यांनी नाही. सर्वांत गरीब घराला वाढ कागदावरच दिसली.

क्वेबेक आपल्या वेगळ्या विवरणपत्रामुळे हवे ते करायला मोकळा होता. लोकसंख्या घटण्याच्या भीतीने १९८८ मध्ये त्याने जन्मभत्ता सुरू केला. तो तिसऱ्या अपत्याला आठ हजार डॉलरपर्यंत चढला. १९९७ मध्ये तो बंद करून दिवसाला पाच डॉलरची पाळणाघरे आणली. मला दुसरा निर्णय अधिक दूरदर्शी वाटतो. रोख रकमेने पाळणाघर उभे राहत नाही.

क्रेडिट कराच्या पाठीवर बसलेले असते, आणि कर उतरला की तेही उतरते, याचे उदाहरण ब्रिटिश कोलंबियाचे. १ जुलै २००८ रोजी तेथे कार्बन कर आला आणि गरिबांना तो जाचू नये म्हणून सोबत हवामान-कृती क्रेडिटही. १ एप्रिल २०२५ रोजी ग्राहकांवरील कार्बन कर रद्द झाला. त्याच महिन्यात क्रेडिटचा शेवटचा हप्ता गेला.

आता आपल्याकडे वळतो, कारण मुळात माझे कुतूहल तेथूनच उपजले. आपल्या राज्यांना आयकर नाही, म्हणून आयकराच्या क्रेडिटचाही मार्ग नाही. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवून रोजगार हमीचा खर्च त्यावर टाकला, तो आपल्यातला बहुधा सर्वांत जवळचा नमुना. पण तेथे पगारदाराच्या पगारातून कर कापला जाई आणि मजूर खडी फोडायला जाई. दोघांचा कागद एक नव्हता. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत तर आयकर भरणारा अपात्रच ठरतो. आपल्याकडे करखात्याच्या यादीत नाव असणे ही अपात्रतेची खूण, तिकडे त्या यादीत नाव असणे ही मदतीची पहिली अट.

मी नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे उत्पन्नाचे दाखले देण्यात घालवली आहेत. तलाठ्याच्या अहवालावर, शेजाऱ्यांच्या जबाबावर एखाद्याचे वार्षिक उत्पन्न आकड्यात लिहायचे, आणि त्या आकड्यावर मुलाची शिष्यवृत्ती ठरायची. त्या मानाने कॅनडाची पद्धत स्वच्छ आहे, यात मला शंका नाही. माणूस स्वतः उत्पन्न जाहीर करतो, मालकाच्या पत्रकाशी ते पडताळले जाते, कोणासमोर हात पसरावा लागत नाही. मंदीतल्या चिठ्ठीपासून हा प्रवास मोठा आहे.

परंतु या पद्धतीची मेखही तेथेच. ज्याने विवरणपत्र भरले नाही तो तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. जेनिफर रॉब्सन आणि सॉल श्वार्ट्झ यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार सुमारे बारा टक्के लोक विवरण भरत नाहीत, आणि एकट्या २०१५ या वर्षात त्यांतील कामाच्या वयाच्या लोकांचे सुमारे १.७ अब्ज डॉलरचे लाभ बुडाले. मूलनिवासी समाजाच्या राखीव वस्त्यांवर मिळवलेले उत्पन्न कायद्याने करमुक्त असते. कर नाही तर विवरण कशाला, असे तेथील माणसाला वाटले तर नवल नाही. पण मुलांचा भत्ता मात्र त्या विवरणावरच अडलेला असतो. शिवाय हिशेब मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर होतो आणि नवे लाभवर्ष जुलैत सुरू होते. ऑगस्टमध्ये नोकरी गेलेल्याला पुढच्या जुलैपर्यंत नोकरीत असल्याच्या हिशेबानेच मदत मिळते.

उपाय होत आहेत. १९७१ पासून स्वयंसेवक गरिबांची विवरणपत्रे विनामूल्य भरून देतात, आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने साध्या उत्पन्नाच्या अल्पमिळकतीच्या लोकांची विवरणे खात्यानेच तयार करावीत, अशी योजना जाहीर केली. पण खात्याकडे ज्याची कोणतीच नोंद नाही, त्याचे विवरण खाते कशावरून तयार करणार? त्याच्यापर्यंत अजूनही कोणीतरी माणूसच पोहोचावा लागतो, मार्च-एप्रिलमध्ये वाचनालयाच्या किंवा समाजमंदिराच्या एखाद्या खोलीत टेबल मांडून बसलेला.