मोठं होऊन जायचं कुठे?

मराठी कादंबरीतल्या तरुणाच्या भ्रमनिरासाची सुरुवात १९६३च्या ‘कोसला’पासून धरायची आपल्याकडे सवय आहे. मला ती मान्य नाही. त्याआधी सत्तरेक वर्षं, १८९०पासून, ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू लहान वयात सासरी जाते, नवऱ्याच्या प्रोत्साहनाने लिहा-वाचायला शिकते. मुंबईत दोघांचं बिऱ्हाड होतं, तेव्हा एकत्र कुटुंबात कधी न लाभलेली मोकळीक तिला मिळते. मग नवरा जातो आणि सासरच्या घरात तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. तरीही यमू कच्ची राहिलेली नाही. आपल्यावरचा अन्याय तिला पुरता उमगतो. सबंध कादंबरी म्हणजे तिनेच सांगितलेली स्वतःची कहाणी आहे. समज आली, पण समज आलेल्या विधवेला त्या घरात वीतभर जागा नव्हती.

कुणी म्हणेल, यमूवर जुलूम झाला. ‘कोसला’च्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला, कोणी अडवलं होतं? खानदेशातलं खातंपितं घर, वडिलांचे पैसे, पुण्यातलं कॉलेज, सगळं होतं. आक्षेप वजनदार आहे, आणि पांडुरंगच्या हातून चुकाही होतात. पण तो सुरुवातीपासून अलिप्त नाही, हे विसरलं जातं. वादविवाद मंडळ, संमेलन, मित्रमंडळी यांत तो जीव ओतून उतरतो. पैसे जातात, परीक्षा बिघडते, वडिलांशी बिनसतं. त्यात धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने दगावते. एवढ्याशा पोरीचं मरण घर पचवून पुढे चालू लागतं, ते त्याला जमत नाही. ज्याला आपण परिपक्वता म्हणतो ती जर असं निमूट पुढे जाणं असेल, तर त्याने ती नाकारली, असं मी म्हणेन.

‘कोसला’चा हा सूर सॅलिंजरच्या १९५१च्या कादंबरीवरून आला, असंही म्हटलं जातं. निवेदनाच्या ढंगात साम्य असेलही. पण वडिलांचा धाक, वसतिगृहातलं ग्रामीण मुलाचं परकेपण आणि देवीची साथ (हा रोग भारतातून १९७५मध्ये हटला) न्यूयॉर्कहून आलेली नाहीत. फरक शोधायचाच तर तो यमू आणि पांडुरंगमध्ये शोधावा. शिक्षण फसल्यावर पांडुरंग गावी परततो, रिकामटेकड्यांत बसतो, आणि घर त्याला ठेवून घेतं. यमूला ही सवलत नव्हती. तिची शिक्षा घरातच होती.