सोपारा ते तुंगारेश्वर : वसईच्या पायवाटांचा इतिहास

वसईचा मुलूख उत्तरेला वैतरणेचे मुख आणि दक्षिणेला वसईची खाडी यांच्यामध्ये आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वराची डोंगररांग. दोन्हींमधले अंतर एवढे कमी की भल्या पहाटे भुईगावच्या किनाऱ्यावरून निघालेला माणूस ऊन चढेपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी पोचतो. या पट्ट्यातून पायी फिरणाऱ्यांचा लेखी पुरावा सव्वादोन हजार वर्षे मागे जातो. बंदर, बाजार, तीर्थ आणि जत्रा या चारही गोष्टी पायवाटांनी जोडलेल्या होत्या, आणि त्या वाटांची काळजी घेणे हे राजाचे काम मानले जात होते.

आजचा नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. टॉलेमीच्या भूगोलात आणि 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याची बंदर म्हणून नोंद आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६मध्ये भुईगावला मिळाला. हे दोन लेख नेमके काय सांगतात, याकडे फारसे लक्ष जात नाही. आठवा लेख सहलींविषयी आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार आणि करमणूक करीत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना भेटून दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या गाठीभेटी असा क्रम असे. नववा लेख मंगलविधींविषयी आहे. आजारपण, लग्न, अपत्यजन्म यांच्याबरोबर प्रवासाला निघतानाही लोक विधी करतात, असे त्यात म्हटले आहे. राजाने आपली सहल कशी बदलली, हे ज्या बंदरात देशोदेशीचे लोक येत-जात तिथेच दगडावर कोरून ठेवलेले असावे, याहून योग्य जागा सापडणे कठीण.

त्याच १८८२ साली इंद्रजींनी 'बुरूड राजाचा कोट' नावाचे टेकाड खणले. आत स्तूप निघाला. स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती ब्रॉन्झच्या आठ बैठ्या मूर्ती मांडलेल्या होत्या. करंड्यात एकात एक बसवलेले चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडे होते, सोन्याची फुले होती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते जपलेले असावेत, असा इंद्रजींचा निष्कर्ष होता. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. टेकाड मात्र जागेवर आहे आणि स्टेशनपासून चालत जाण्याजोगे आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील इतक्या महत्त्वाच्या स्थळाला रोज शेजारून जाणारे हजारो प्रवासी ओळखत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

वाटसरूंच्या सोयीचा सर्वांत तपशीलवार पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात आपल्या दानांची यादी कोरवली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग (म्हणजेच सोपारा) या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली, बागा लावल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या. तापीपासून डहाणूच्या खाडीपर्यंतचे हे नदीउतार पाहिले की गुजरातेतून किनाऱ्याकिनाऱ्याने सोपाऱ्याला येणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याला पाणी उतरायला पैसा लागत नसे, पलीकडे सावली होती, प्यायला पाणी होते आणि मुक्कामाला धर्मशाळा होती. याच लेखात शोर्पारगच्या रामतीर्थावरील चरकांचा, म्हणजे फिरत्या साधूंचा उल्लेख आहे. त्यांच्यासह आणखी तीन ठिकाणच्या चरकांसाठी उषवदाताने नारळाची ३२ हजार झाडे दिली होती.

सोपाऱ्याहून निघालेला माल आणि माणूस पुढे कल्याणमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला, तिथून पैठणकडे जात असे. सोपाऱ्याच्या रहिवाशांची नावे कान्हेरीच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांतही दाते म्हणून कोरलेली आहेत. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले.

१५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. किल्ल्यात चर्च, मठ आणि सरदारांचे वाडे उभे राहिले. किल्ल्याबाहेर बागायती वाड्यांचा हिरवा पट्टा होता. १६९५मध्ये आलेला इटालियन प्रवासी जेमेली कारेरी लिहितो की शहराबाहेर पंधरा मैल बागाच बागा होत्या, त्यांना यंत्रांनी पाणी मिळे, आणि साथीच्या रोगापासून दूर राहण्यासाठी व उन्हाळ्यात हवा खाण्यासाठी श्रीमंतांनी तिथे घरे बांधली होती. ती यंत्रे म्हणजे रहाट. आज वाड्यांत रहाटाची जागा पंपांनी घेतली असली तरी केळी, पानवेल, फुलझाडे यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद वाटा पश्चिम वसईत अजून आहेत. त्या शिल्लक राहण्यामागे १९८०च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली हरित वसई संरक्षण समितीची चळवळ आहे.

मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्याआधी १७३७मध्ये वैतरणेच्या मुखावरचे अर्नाळा बेट मराठ्यांनी घेतले होते. तिथला किल्ला त्यांनी नव्याने बांधला आणि दरवाजावर बाजीरावांचे नाव असलेला शिलालेख बसवला. बेटावर जायला आजही होडीच लागते. वसईच्या विजयाशी वज्रेश्वरीचे मंदिरही जोडलेले आहे. वसई मिळाली तर देवीचे देऊळ बांधू, असा चिमाजी आप्पांनी नवस केला होता, अशी परंपरा आहे. हे देऊळ डोंगररांगेच्या पूर्वेला, तानसा नदीच्या खोऱ्यात, गरम पाण्याच्या कुंडांजवळ आहे. किनाऱ्यावरचा किल्ला आणि डोंगरापलीकडची देवी एका नवसाने बांधली गेली.

निर्मळची जत्रा या मुलखाची सर्वांत मोठी पायी गर्दी. परशुरामाच्या कथेशी जोडलेले निर्मळ आणि विमल हे तलाव आणि टेकडीवरचे शंकराचार्य मंदिर हे तिथले तीर्थ. कार्तिक वद्य एकादशीला जत्रा सुरू होते आणि पुढे काही दिवस बाजार चालतो. तिथे मिळणारी सुकेळी हा खास वसईचा जिन्नस. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या पानांत घट्ट बांधायची. ती आठवडेच्या आठवडे टिकतात, बांधायला हलकी आणि खायला पोटभरीची. चालणाऱ्याची शिदोरी म्हणून याहून चांगले काही नाही.

१८६०च्या दशकात रेल्वे आली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. दक्षिणोत्तर पायी जाण्याचे कारण संपले. रूळ किनारा आणि डोंगर यांच्या मधून गेले, स्टेशनांभोवती शहर वाढले, आणि २००९मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. पूर्व-पश्चिम वाटा मात्र देवस्थानांमुळे टिकल्या. विरारच्या जीवदानी डोंगरावर नवरात्रात पायऱ्यांवर रांगा लागतात, जरी आता रोपवेही आहे. तुंगारेश्वराला सातिवलीच्या बाजूने जंगलातली वाट जाते, ओढे ओलांडते आणि महाशिवरात्रीला माणसांनी भरून वाहते. २००३मध्ये हे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. रांगेचा माथा साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. तिच्याच दक्षिण भागातला कामणदुर्ग जवळपास तेवढाच उंच असून कामण गावाच्या बाजूने चढता येतो. चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात बुडून मृत्यू झाल्याने तिथे जाण्यास बंदीचे आदेश निघतात, म्हणून डोंगराच्या वाटांसाठी दिवाळीनंतरचे महिने धरावेत. निर्मळची जत्राही त्याच सुमारास येते.