‘जनुकीय’ म्हणजे ‘आनुवंशिक’ नव्हे

* जनुकीय बदल : तीव्र ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाबाबत बोलताना ‘जनुकीय’चा अर्थ ‘आनुवंशिक’ असा घेऊ नये. वर्धा जिल्ह्यातील वाचकाचा तसा समज होणे स्वाभाविक आहे. विदर्भात रक्ताचा जनुकीय आजार म्हटले की सिकलसेलच डोळ्यांसमोर येतो. त्यात बीटा-ग्लोबिन जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. तो बदल आईबापांकडून येतो आणि जन्मापासून प्रत्येक पेशीत असतो. तीव्र ल्युकेमियातले बदल मात्र बहुतेकदा गर्भधारणेनंतर केव्हातरी एखाद्याच रक्तपेशीत घडतात आणि तिच्याच वंशात राहतात. प्रौढांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियात सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या एनपीएम१ जनुकात जास्तीची अक्षरे (सहसा चार) घुसलेली आढळतात. औषधांनी रोग पुरता हटला की हा बदलही रक्तात सापडेनासा होतो. जन्मजात बदल औषधाने असा नाहीसा होत नाही.

मग कधीकधी एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही ल्युकेमिया कसा होतो? याचे उत्तर वारशात नाही, वारेत आहे: वार सामाईक असल्याने एकाच्या बदललेल्या पेशी गर्भातच दुसऱ्यात जातात. सीईबीपीएसारख्या जनुकातील जन्मजात दोष मोजक्या कुटुंबांत धोका वाढवतो, हे खरे. तेथे नातलगांची तपासणी योग्यच. पण लग्नाआधी सिकलसेल तपासावा हा रास्त सल्ला ताणून ल्युकेमियाच्या रुग्णाच्या भावंडांची सोयरीक मोडणे, याला विज्ञानाचा आधार नाही. — संपादक