शॉक, धक्का आणि धसका

मराठी माणसाचं मातृभाषेवर कितीही प्रेम असो, उघड्या वायरला हात लागला की तो 'मला विजेचा धक्का बसला' असं म्हणत नाही. 'विजेचा धक्का बसून इसमाचा मृत्यू' ही भाषा वर्तमानपत्राची. जिवंत इसम 'आई गं, शॉक बसला!' असंच ओरडतो. आई मराठी, शॉक इंग्रजी. संकटकाळी दोन भाषांनी इतक्या झटपट एकत्र आल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मग हा शब्द वायर सोडून घरभर हिंडतो. कांद्याचा भाव ऐकून शॉक, बारावीचा निकाल बघून शॉक, बदलीची ऑर्डर वाचून शॉक. स्कूटरला शॉकअप असतात, मनगटावरचं घड्याळ शॉकप्रूफ असतं. स्कूटरवर बसलेल्या आणि घड्याळ बांधलेल्या माणसाची मात्र कोणी काही सोय केलेली नाही.

वास्तविक हा शब्द जन्माने विजेचा नव्हेच, तो लष्करातला. सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला, तेव्हा त्याचा अर्थ होता दोन फौजांची टक्कर. भाले रोखून घोडेस्वार समोरासमोर आदळत, त्या आदळण्याला शॉक म्हणायचे. विजेशी त्याची गाठ पडली ती दीड-दोनशे वर्षांनी, आणि तीही एका बरणीमुळे.

आपल्याकडे बरणीत लोणचं भरतात. युरोपातल्या विद्वानांनी 1745-46 च्या सुमारास तिच्यात वीज भरायला घेतली. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात बुडालेली तार आणि शेजारी घर्षणाने वीज तयार करणारं यंत्र, एवढीच सामग्री. तोपर्यंत या यंत्रातून बारीक ठिणग्या निघत, केस उभे राहत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. बरणीने मात्र वीज साठवायला सुरुवात केली. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे रिकरिंग डिपॉझिट होतं. थेंब थेंब भरत जायचं आणि मुदत संपली की सगळी रक्कम एकदम हातात! एका हाताने बरणी धरून दुसऱ्या हाताने तारेला शिवलं की ही मुदत संपत असे.

हॉलंडमधल्या लायडन गावच्या प्राध्यापक मुसेनब्रुक यांनी ती रक्कम काढली. नंतर त्यांनी पॅरिसच्या एका विद्वान मित्राला पत्र लिहून कळवलं की हा प्रयोग भयंकर आहे, आपण चुकूनही करू नये. फ्रान्सचं अख्खं राज्य दिलं तरी मी पुन्हा हात लावणार नाही, असंही ते म्हणाले म्हणे. आता, 'हात लावू नका' अशी पाटी वाचून हात न लावणारा मनुष्य पृथ्वीवर अजून जन्मायचा आहे. नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने त्याच वर्षी राजा पंधराव्या लुईसमोर 180 शिपाई एकमेकांचे हात धरून उभे केले आणि बरणी सोडली. 180 शिपाई एकसमयावच्छेदेकरून उडाले. राजेसाहेब खूष! मग नोलेने पॅरिसच्या मठातल्या सुमारे दोनशे साधूंच्या हातांत लोखंडी तारा देऊन त्यांनाही उडवलं. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्या मंडळींना एवढी उंची अचानक गाठता येईल, अशी अपेक्षा नसावी.

तिकडे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन हेच करत होते. हे गृहस्थ आज शंभर डॉलरच्या नोटेवर छापलेले दिसतात. 1750 च्या नाताळाच्या दोन दिवस आधी ते विजेने टर्की पक्षी मारायला निघाले. दोन मोठ्या बरण्या भरल्या होत्या, भोवती मंडळी गप्पा मारत होती, आणि तेवढ्यात टर्कीच्या वाट्याची वीज फ्रँकलिनसाहेबांच्या अंगातून गेली. लख्ख उजेड पडला, पिस्तुलासारखा बार झाला, असं मंडळी म्हणाली. साहेबांना यातलं काहीच दिसलं नाही, ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दंड आणि मान बधिर होती. त्यांनी भावाला पत्र लिहून हकीकत कळवली आणि बजावलं की ही फार बोभाटा करण्याजोगी गोष्ट नव्हे. ते पत्र आता जगभर छापलेलं आहे. माणसाने भावाला काय लिहावं याचा विचार करावा, तो यासाठी.

आपण हसतो, कारण या सगळ्या शॉकमधली माणसं उडाली, पडली, अंग झटकून उठली. जमा त्याच दिवशी, खर्च त्याच दिवशी, संध्याकाळी खातं निरंक. हाच हिशेब पुढे लष्कराच्या अंगाशी आला.

कारण हा शब्द फिरून पुन्हा रणांगणावर गेला. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यात राहिलेले शिपाई थरथर कापू लागले. कुणाची वाचा गेली, कुणाची झोप, कुणाची दृष्टी, आणि अंगावर जखम मात्र नाही. शिपाईच आपसात त्याला 'शेलशॉक' म्हणायला लागले. 1915 साली चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी तो शब्द 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. नाव मिळालं म्हणजे निदान आजार तरी मान्य झाला. पण रोगी हजारांनी वाढले, तसे वरचे साहेब बिथरले. शॉकच ना? मग आठ दिवसांत उतरायला नको? जून 1917 मध्ये हुकूम सुटला की हा शब्द तोंडी वापरायचा नाही, कागदावर लिहायचा नाही. त्याऐवजी लिहायचं, 'अद्याप निदान नाही, मज्जाविकार'. माझी अर्धी नोकरी लेजर लिहिण्यात गेली, म्हणून सांगतो, खात्याचं नाव बदललं म्हणून बाकी शून्य होत नाही.

हॅरी फार नावाचा शिपाई 1915 साली याच आजाराने पाच महिने इस्पितळात होता. बरा झाला म्हणून त्याला परत पाठवलं. 1916 च्या सप्टेंबरात त्याचे पाय पुढे जाईनात. वीसेक मिनिटांत लष्करी खटला उरकला, भित्रेपणाचा ठपका आला आणि ऑक्टोबरात त्याला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. वय पंचवीस. त्या युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या 306 जणांना ब्रिटिश सरकारने 2006 साली माफी दिली. त्या सगळ्यांनाच शेलशॉक होता असं नव्हे. पण हॅरीची मुलगी ती माफी बघायला हयात होती. तिचं वय होतं 93.

आता मला माझ्या भाषेचा थोडा अभिमान वाटतो. इंग्रजाला एकाच शब्दात भागवावं लागलं, आपल्याकडे दोन आहेत. धक्का बसतो आणि उतरतो. धसका घेतला जातो, आणि तो आत राहतो. पूर्वी दारात तारवाला आला की तार फोडण्याआधीच घरातलं एक माणूस खाली बसायचं. तार कधी कधी लग्न ठरल्याचीसुद्धा असे, पण मागे कधीतरी आलेल्या एका तारेचा तो धसका होता. तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, तरी रात्री अवेळी फोन वाजला की तोच धसका जागा होतो.

'पोरानं धसका घेतलाय, त्याला काही दिवस कामाला लावू नका,' असं आपल्याकडची कुठलीही आजी नाडी न बघता सांगते. धक्का त्याच दिवशी नावे टाकून मोकळं होता येतं. धसक्यावर व्याज चढत राहतं आणि ते पुष्कळदा पुढच्या पिढीला भरावं लागतं. त्या लष्करी खटल्यात एक आजी बसवली असती, तर ब्रिटिश सरकारचं माफीनाम्याचं काम नव्वद वर्षं आधीच उरकलं असतं.