कार्थेजचे पतित

एकदा लाभलेले तारण पुढे श्रद्धा ढळल्यास टिकते की नाही, हा ख्रिस्ती धर्मविचारातील प्रश्न बहुधा 1618-19 साली हॉलंडात डॉर्ट येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या अनुषंगाने चर्चिला जातो. देवाने निवडलेले लोक अखेरपर्यंत श्रद्धेत टिकतातच, हा तिचा निर्णय प्रॉटेस्टंटांतील एका मोठ्या प्रवाहाने शिरोधार्यही मानला. परंतु त्याच्या पावणेचौदाशे वर्षे आधी हाच प्रश्न सामान्य माणसांच्या दारात येऊन उभा राहिला होता, आणि तोही एका सरकारी दाखल्याच्या निमित्ताने.

इ.स. 249-50 च्या हिवाळ्यात रोमन बादशहा डेसियस याने फर्मान काढले की, रयतेने देवतांना बळी द्यावा, मद्याची धार सोडावी, बळीचे मांस चाखावे आणि तसे केल्याचा दाखला नेमलेल्या अंमलदारांकडून घ्यावा. इजिप्तमधील फायूम प्रांतात असे कित्येक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. त्यांपैकी एकातील अर्जदार 72 वर्षांचा असून उजव्या भुवईवर व्रण ही त्याची खूण नोंदलेली आहे. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो, आज आपणांसमक्षही दिला, तरी तसे प्रमाणित व्हावे, एवढीच त्याची विनंती. पेतेसुखोस या मगरदेवाच्या पुजारिणीलाही असा दाखला काढावा लागला, यावरून हुकमाची व्याप्ती ध्यानी यावी.

ख्रिस्ती मनुष्याला मात्र हा दाखला म्हणजे विश्वासाचा त्याग होता. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पतितांविषयी, म्हणजे छळात श्रद्धा सोडलेल्यांविषयी, लिहिलेल्या प्रबंधात जे वर्णिले आहे ते वाचून मन विषण्ण होते: लोक अटकेची वाट न पाहता स्वतःच चौकाकडे धावले, आणि दिवस मावळल्यामुळे अंमलदारांनी उद्या या म्हणून सांगितले तेव्हा आजच उरकावे अशी विनवणी करणारेही निघाले. कोणी बळी दिला, कोणी नुसता धूप जाळला, कोणी पैसे चारून बळी न देताच दाखला मिळविला. छळाचा जोर ओसरताच यांतील पुष्कळजण मंडळीच्या दाराशी परत आले.

त्यांना प्रभुभोजनाला बसवावे काय? सिप्रियन स्वतः छळाच्या काळात अज्ञातवासात होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला धार उरली नव्हती. उलट तुरुंगात यातना सोसलेल्यांची प्रतिष्ठा एवढी वाढली की, ते पतितांना क्षमेच्या चिठ्ठ्या देऊ लागले, आणि ‘अमुक व त्याचे लोक’ अशा मोघम मजकुरावर वीस-तीस माणसे हक्क सांगू शकतील, अशी तक्रार सिप्रियनला करावी लागली. 251 साली कार्थेजच्या परिषदेने ठरविले की, नुसता दाखला घेणाऱ्यांना प्रत्येकाची चौकशी करून परत घ्यावे, बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्तानंतर मृत्युशय्येवर शांती द्यावी. रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूने हे अमान्य केले; देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही, असे म्हणून तो रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्याविरुद्ध प्रतिस्पर्धी बिशप झाला.

नोव्हेशियनचा पक्ष क्षुद्र नव्हता. अखेरपर्यंत टिकेल तोच तरेल, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्याच तोंडी आहे, आणि मागे फिरणाऱ्यांविषयी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील शब्द याहून कठोर आहेत. परंतु प्रभूला तीनदा नाकारणारा पेत्र प्रेषितच राहिला, हेही त्याच ग्रंथात आहे. गॅलस बादशहाच्या काळात नव्या छळाची चाहूल लागताच कार्थेजच्या बिशपांनी प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्व पतितांना मंडळीत घेतले. ज्यांनी उद्या ख्रिस्तासाठी रक्त सांडावे त्यांना आज त्याच्या रक्ताचा प्याला कसा नाकारावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला हा निर्णय त्या शतकातील सर्वांत खोल धर्मबुद्धीचा वाटतो, कारण श्रद्धा अखेरपर्यंत टिकली पाहिजे हा दंडक त्याने कायम ठेवला आणि त्या ‘अखेरी’चा निवाडा एका दुबळ्या दिवसावर मात्र सोपविला नाही.

14 सप्टेंबर 258 रोजी सिप्रियनचाही शिरच्छेद झाला. नोव्हेशियनचे अनुयायी स्वतःला शुद्ध म्हणवीत पुढे कित्येक पिढ्या वेगळे राहिले. 325 साली निकेयाच्या परिषदेने त्यांच्या धर्मगुरूंना परत घेण्याची तयारी दाखविली, परंतु छळात पतित होऊन प्रायश्चित्त केलेल्यांशी आपण सहभागिता ठेवू, असे त्यांनी प्रथम लिहून द्यावे, ही अट घातली.