चेसीची कुळकथा

मे महिन्यात अकोला–नांदेड रस्त्यावर, वारंगा फाट्याला ट्रक थांबला की ड्रायव्हर पहिल्यांदा चहा मागत नाही. शर्टाची बटणं सोडून तो टायरच्या सावलीला बसतो. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, तरी केबिनपेक्षा बाहेरच बरं. जुन्या एसटीत जागा नाही म्हणून बॉनेटवर बसून प्रवास केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हिंगोलीच्या गॅरेजात 'चेसी' म्हणतात, कुणी 'चासी'. शब्द मूळचा फ्रेंच, उच्चार 'शासी', अर्थ खिडकीची किंवा चित्राची चौकट. त्याच्याही मागे लॅटिन 'काप्सा', म्हणजे पेटी. आपली औषधाची कॅप्सूल आणि दुकानदाराची कॅश ही याच घराण्यातली. आधी तोफेखालच्या सरकत्या चौकटीला हे नाव होतं, मोटारी आल्यावर ते त्यांच्या सांगाड्याला चिकटलं. 'केबिन'चं कूळ वेगळं. लॅटिन 'कापान्ना', म्हणजे चक्क झोपडी.

चौकटीवर बांधलेली झोपडी ही ट्रकची व्याख्या आपल्याकडे शब्दशः खरी होती. कारखान्यातून बहुतेक वेळा नुसती चेसी बाहेर पडायची: इंजिन, चाकं, स्टिअरिंग. तोंडाला टॉवेल आणि डोळ्यांवर गॉगल लावून ड्रायव्हर ती उघडीच शेकडो किलोमीटर हाकत आणायचा. मग बॉडीवाल्याकडे सुतार लाकडाची केबिन बांधायचा. वजन पेलणं इंजिनिअरच्या वाट्याला, ऊन अडवणं सुताराच्या. माझ्या मते सगळी गोम या वाटणीत आहे.

ट्रकची चेसी म्हणजे शिडी. दोन लांब लोखंडी चॅनेल, मध्ये आडव्या पट्ट्या, जोड बहुतेक रिव्हेटचे. ती मुद्दाम थोडी पिळू देतात. एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची जमिनीला टेकून राहावीत, म्हणून. सैल बाजेचे चारही पाय उंचसखल अंगणातसुद्धा टेकतात, तसंच. पण चेसी पिळली की वरची लाकडी केबिन कुरकुरते, सांधे सुटतात, फटी पडतात. क्लच-ब्रेकच्या पेडलांची भोकं तर आधीपासूनच असतात. इंजिनाची गरम हवा तिथूनच पायांवर येते. ड्रायव्हर बॉनेटवर गोणपाट टाकतो, पण गोणपाट थोड्या वेळात स्वतःच तापतं. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा बोटभर अंतर सोडून बसवला आणि फटी बुजवल्या, तर त्याहून जास्त फरक पडतो. पत्रा आच परत फेकतो, मधली हवा तिला अडवते.

आता स्पोर्ट्स कारकडे बघू. तिचं गणित उलटं. वळणावर सांगाडा पिळला तर चाकं ठरलेल्या कोनात राहत नाहीत आणि गाडी चालवणाऱ्याचं ऐकत नाही. म्हणून तिची चौकट ताठ हवी, आणि वजनाला हलकीही. चार बांबूंची चौकट हाताने कलते, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरका बांबू ठोकला की हलत नाही. घराच्या आढ्याखालची कैची याच युक्तीवर उभी असते. जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीत रुडोल्फ उलेनहाउट यांनी बारीक नळ्यांचे असे त्रिकोण जोडून १९५२ च्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा उभा केला. वजन जेमतेम ५० किलो. त्याच वर्षी ती गाडी ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. १९५४ च्या फेब्रुवारीत तिच्यावरून घडवलेली विक्रीची गाडी, मर्सिडीज ३०० एसएल, न्यूयॉर्कला लोकांसमोर आली.

पण ताठपणासाठी नळ्या दोन्ही बाजूंनी मांडीएवढ्या उंच न्याव्या लागल्या. नेहमीचं दार बसेना, म्हणून ते छताला बिजागऱ्या लावून पंखासारखं वर उघडणारं केलं. त्या दारात काच खाली सरकवायला जागा उरली नाही. जगातल्या अतिदेखण्या गाड्यांपैकी एक, आणि आत बसलेला श्रीमंत उन्हाळ्यात घामाने निथळतोय! हवा हवी तर अख्खी काच काढून मागे ठेवायची. १९५७ साली उघड्या टपाची आवृत्ती आली, तेव्हा चौकट बदलून बाजू खाली घेतल्या आणि साधी दारं परत आली.

योगायोग असा की त्याच १९५४ साली त्याच कंपनीच्या सहकार्याने टाटांचे ट्रक जमशेदपूरला बनू लागले. सहकार्याचा करार १९६९ पर्यंत चालला. एकाच घरातली दोन भावंडं. थोरलं चेसी पिळते म्हणून तापलं, धाकटं पिळत नाही म्हणून. फरक इतकाच की धाकट्याची तक्रार ३ वर्षांत मिटली. साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला २०२५ साल उजाडलं. हळदीची पोती वाहणारे आधीचे ट्रक गोणपाटावरच चालू आहेत.

हिंगोलीच्या आरटीओत एमएच-३८ चा कागद करायला गेलात तर चेसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा मागतात. इंजिनाचाही नंबर आरसी बुकात असतो. केबिनला नंबर नसतो.