पडदा वाचायचा की अर्थ?

आंबागडच्या शाळेतला गणिताचा तास डोळ्यांसमोर आणा. शिक्षक फळ्याकडे न वळता तोंडी सांगतात, 'अ अधिक ब भागिले क'. काही मुले फक्त 'ब'खाली रेघ मारतील, तर काही 'अ अधिक ब' या सगळ्याखाली. चूक कोणाचीच नाही. फळ्यावर रेघेची लांबी जे सांगते, ते उच्चारात उतरलेच नाही. डोळ्यांना दिसणारी मांडणी कानांपर्यंत कशी पोहोचवायची? अंधांना संगणक वापरता यावा म्हणून झटणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता.

सुरुवातीला अडचण कमी होती. १९८०च्या दशकातल्या अनेक संगणकांच्या पडद्यावर केवळ अक्षरे उमटत. साधारणपणे २५ ओळी आणि ओळीत ८० अक्षरे. प्रत्येक अक्षराचा सांकेतिक अंक संगणकाच्या स्मृतीत असे. पडदावाचक नावाची आज्ञावली तो अंक उचलून आवाज काढणाऱ्या यंत्राकडे पाठवी. एवढ्याने काम भागे.

१९८४ साली मॅकिंटॉश संगणक आला आणि खिडक्या, चित्रे, माउस यांचा प्रसार सुरू झाला. डोळसांना संगणक सोपा झाला; अंधांच्या हातून मात्र तो निसटू लागला. कारण पडद्याच्या स्मृतीत आता अक्षर नव्हते, नुसते ठिपके होते. 'क' हे अक्षर काय आणि कचरापेटीचे चित्र काय, ठिपक्यांवरून भेद कळेना. मग एक तोड निघाली. पडद्यावर काही काढण्याची सूचना ठिपक्यांत उतरण्याआधीच टिपायची आणि कुठे काय काढले याची वेगळी नोंद ठेवायची. १९८९ साली मॅकिंटॉशसाठी 'आउटस्पोकन' हा पडदावाचक आला.

पण पडदा वाचला म्हणजे अर्थ कळतो का? हा प्रश्न पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी मुळापासून हाताळला. काचबिंदूमुळे १४व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तिथे १९९४ साली पूर्ण झालेल्या प्रबंधात त्यांनी गणिती मजकूर बोलून दाखवणारी 'ॲस्टर' ही प्रणाली मांडली. ती पदावलीची रचना ओळखते आणि आवाजातल्या बदलांनी ती ऐकवते. घातांक, उदाहरणार्थ, चढ्या स्वरात येतो.

१९९५ साली त्यांनी 'ईमॅकस्पीक' प्रसिद्ध केले. त्यामागचा विचार दिनदर्शिकेवरून समजतो. चौकटीतला आकडा वाचणारा पडदावाचक नुसते 'वीस' म्हणेल. वार कोणता, हे डोळस माणूस वरचा रकाना पाहून ओळखतो. ईमॅकस्पीक पडद्याकडे न जाता मूळ माहितीकडे जाते आणि वार, महिना, तारीख सारे सांगते.

पुढे गूगलमध्ये असताना, २००९च्या सुमारास, त्यांनी सहकाऱ्यासह गुळगुळीत काचेच्या फोनवरही तोडगा काढला. बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तिथे ५ मानायचा; वर डावीकडे सरकवले की १, खाली उजवीकडे ९. बटण शोधायचेच नाही!

आज फोनमध्येच पडदावाचक असतो. तरीही बटणाला चित्र आहे पण नाव दिलेले नाही, असे झाले की त्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. नाव देणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम. आपले कामही फार वेगळे नाही. 'हे इथून तिकडे नेले' असे फळ्याकडे बोट दाखवून न म्हणता 'डावीकडचे ३ उजवीकडे नेले, म्हणून वजा ३ झाले' असे म्हणावे. वर्गात एखादा अंध विद्यार्थी असेल तर त्याला समीकरण कळेल. आणि मागच्या बाकावरच्या डोळस मुलांनाही.